भासऱ्यांचं चॅनल

नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात आणि भासऱ्यांशी सून बोलत नाही. समोर आले की पदर पुढे ओढायचा, बाजूला सरायचं आणि काही सांगायचंच असलं तर जाऊबाईंच्या मार्फत. मी आंजी गावची. बारावी झालेली, तोंडाची तिखट. लग्न होऊन नाचणगावला आले तेव्हा ही रीत बघून मला हसू आलं होतं. आठ दिवसांत हसू गेलं आणि सवय झाली.

आमच्या घरचा धंदा किराण्याचा. त्यातलाच अर्धा गाळा घेऊन भासऱ्यांनी पंखे, बल्ब, वायरी विकायला सुरुवात केली होती. नव्वद सालानंतरचे दिवस. एका सकाळी त्यांनी नागपूरहून मेटाडोरमध्ये घालून एक भलीमोठी डिश आणली आणि दुकानाच्या गच्चीवर बसवली. बाजारातले लोक मान वर करकरून बघायचे. "एवढं मोठं घमेलं कायले आणलं, मालक? गिलावा करता का आभायाले?" असं शेजारचा कापडवाला विचारायचा. भासरे नुसते हसायचे. त्या माणसाला चिडलेलं मी कधी बघितलं नाही. चिडायचं सगळं काम घरात माझ्याकडे असावं.

डिशवरून घरोघरच्या टीव्हींसाठी केबलची वायर निघाली ती या गच्चीवरून त्या गच्चीवर, कौलांवरून, कडुनिंबाच्या फांदीवरून. एकाही घरानं भाडं मागितलं नाही. उलट ज्याच्या गच्चीवरून वायर जायची तो आपल्याला चॅनलचा भागीदारच समजायचा. बायका वायरीवर ओल्या गोधड्या वाळत घालायच्या आणि चित्र गेलं की त्याच दुकानात येऊन भांडायच्या. भासरे शिडी घेऊन जायचे, गोधडी काढून नीट घडी करून द्यायचे आणि "माय, तारेले भार होते" एवढंच म्हणून परत यायचे. दुसऱ्या दिवशी तीच गोधडी तिथेच. मला त्यांच्या सबुरीचं फार कौतुक वाटायचं, आणि रागही यायचा.

मग त्यांच्या डोक्यात आलं की दिल्ली-मुंबईचं सगळं दिसतं, आपल्या गावाचं का नाही दिसत? दुकानामागच्या गोदामात निळी चादर टांगली, एक टेबल मांडलं, सेकंडहँड कॅमेरा आणला आणि संध्याकाळी सातला गावच्या बातम्या सुरू झाल्या. आधी ते स्वतःच वाचायचे. इतकं पुटपुटायचे की समोरच्या हॉटेलवाल्यानं येऊन विचारलं, "मालक, आज कोण वारलं ते समजलंच नाई." तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "हिले बसवा. हिचा आवाज खणखणीत आहे. नवऱ्याशी भांडते तं चार घरं ऐकतेत."

सासूबाईंनी विचार केला. पदर डोक्यावर राहील, एवढी अट घातली आणि हो म्हणाल्या. भासऱ्यांचं तोंड कॅमेऱ्यामागे, माझं पुढे. रीत मोडली असं कोणालाच वाटलं नाही.

काय नव्हतं त्या बातम्यांत! भाजीबाजारात वांगी किती आली, मेथी उतरली का, सांबार महागला का. कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. माळी लोक दुसऱ्या दिवशीची तोडणी त्यावर ठरवायचे. कोणाची शेळी हरवली, कोणत्या वाडीची लाईट उद्या जाणार, कोणाची मयत किती वाजता निघणार. भासऱ्यांनी एकदा सगळं सामान घेऊन केळझरच्या गणपतीचं दर्शन चित्रित करून आणलं, तर ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं त्यांनी टीव्हीपुढे उदबत्ती लावली. हे सगळं त्या अबोल माणसानं उभं केलं होतं, आणि मला ते पहिल्यापासून मोठं वाटत आलं आहे.

पण आमचं काम कसं चालायचं ते ऐका. भासरे कॅमेऱ्यामागे, मी समोर, आणि मध्ये स्टुलावर जाऊबाई, हातात निवडायची भाजी. भासरे म्हणायचे, "तिले सांग, वर पाह्यून वाच म्हणा." मी दोन हातांवर बसून ते ऐकलेलं असायचं. तरी जाऊबाई ते मला सांगायच्या. मग मी म्हणायची, "त्यायले सांगा, वर पाह्यलं तं दिवा डोळ्यात जाते." तेही जाऊबाई पोचवायच्या. कधी कधी त्यांनाच कंटाळा यायचा आणि त्या मधलं काहीतरी गाळायच्या.

एकदा बातम्या संपल्या तेव्हा जाऊबाई कुकरची शिटी ऐकून घरात पळाल्या होत्या. भासऱ्यांच्या हातून माईक बंद करायचा राहिला. मी समजले संपलं. मी मोठ्यानं बोलत सुटले: "काय मेली खुर्ची आहे! एक पाय आखूड. दिवा तं असा तोंडावर, जशी काई मी चोरच आहो. कॅमेऱ्यात एवढं समजते, पण बाईमाणूस कसं बसन ते नाई समजत यायले." घराघरांत गाव ऐकून राहिलं होतं. भासऱ्यांना माझ्याशी बोलता येईना, आणि गडबडीत बटण दाबायचंही सुचेना. त्यांनी दोन्ही हात हलवले, खाकरले, आणि शेवटी मला सांगायला म्हणून जाऊबाईंना शोधत घरात धावले! त्या येईपर्यंत मी नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत पोचले होते.

आठवडाभर मी बाजारात तोंड दाखवलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी टेबलामागे नवी खुर्ची होती, गादी घातलेली, आणि दिवा बाजूला सरकवलेला. तेव्हा मला उमगलं की या माणसाला काही सांगायचं असेल तर माईक हाच एक सरळ रस्ता आहे.

तो रस्ता मला खरोखर कामी आला तो दोन हजार सालानंतर. मोठ्या कंपन्या छोट्या केबलवाल्यांना गिळत सुटल्या होत्या. नागपूरच्या एका कंपनीचा माणूस दोनदा दुकानात येऊन गेला. वायरी, डिश, गिऱ्हाईक सगळं घेणार, आणि गावच्या बातम्या बंद. नवऱ्याकडून कळलं की भासरे तयार आहेत. त्यांचे गुडघे दुखत होते, शिडी चढवत नव्हती. आणि उद्या सह्या होणार होत्या.

त्या खुर्चीवर बसल्यावरच मी या गावात कोणीतरी झाले होते. बाजारात माळणी मला हाक मारून मेथीची जुडी हातात द्यायच्या. ते सगळं जाणार, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, "दादाले म्हणा ना, नका विकू." तो म्हणाला, "त्यानं उभं केलं, त्याच्या नावावर आहे. मी काऊन बोलू?" जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेलेल्या. निरोप न्यायला कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारख्या बातम्या वाचल्या. भाजीबाजार झाला, लाईट झाली. मग कागद खाली ठेवला आणि वर बघितलं, सरळ भिंगात.

"आता शेवटची बातमी," मी म्हटलं. "आपले हे चॅनल नागपूरच्या एका कंपनीला विकण्याचे घाटत आहे. बातम्या वाचणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की, ते विकू नये." इथपर्यंत पुस्तकी भाषा टिकली. पुढे नाही टिकली. "ज्यायनं हे उभं केलं त्यायचे पाय दुखते, हे मले माहीत आहे. शिडीवर मी चढतो. गोधड्या मी काढतो. पण हे विकू नका. मले दुसरं काई नाई पाहिजे."

कॅमेऱ्याचं बटण भासऱ्यांच्या बोटाखालीच होतं. त्यांनी ते दाबलं नाही. माझं बोलून झाल्यावरही बराच वेळ दाबलं नाही, आणि माझं रडवेलं तोंड गावभर दिसत राहिलं.

सकाळी दुकानात हीऽ गर्दी. ज्यांच्या गच्चीवरून वायर गेली होती ते सगळे आले. गोधडीवाल्या बाया पुढे. दुपारी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला आणि भासऱ्यांपुढे पेन धरलं. मी तांदळाच्या पोत्याजवळ पदर ओढून उभी होते.

"मले काय विचारता?" भासरे त्याला म्हणाले. "मालकीणबाई त्या उभ्या आहेत. त्यायले विचारा."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या दुकानानं पाहिलं. "नाई विकायचं," मी म्हटलं. तो कागद गुंडाळून गेला. चॅनल मग आम्हीच चालवलं, घरोघर कंपन्यांच्या छोट्या डिशच्या छत्र्या लागेपर्यंत. सांगितल्याप्रमाणे शिडीवर मी चढले, साडी खोचून, आणि लोकांनी ते पाहिलं.

पण त्या दुपारी गर्दी पांगल्यावर भासरे गल्ल्यामागून उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काल जे बोलली ना बाई," ते म्हणाले, "ते तोंडावर बोलली असती तरी ऐकलं असतं मी. मले वाटे, तुलेच माह्याशी बोलणं नाई आवडत."

मी तिथेच, पोत्याला टेकून रडायला लागले. भासरे गडबडले. सवयीनं त्यांनी घराच्या दाराकडे बघून जाऊबाईंना हाक मारली, मग त्या अमरावतीला असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा स्वतःच म्हणाले, "रडू नको. गिऱ्हाईक पाहून राह्यलं."