ताईचे शिपाई

नालवाडीहून सायकलवर आलेल्या माणसाने शाळेच्या दारातूनच सांगितलं, "बाई, तुमची यमुनाताई गेली." सेलूच्या मुलींच्या शाळेत मी शिकवते. वर्गात पाढे चालले होते. पोरींचा पाढा संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठू शकले नाही... याला आता महिना उलटून गेला.

ताई मातीचे शिपाई करायची, बोटाच्या पेराएवढे. हौस तिची नव्हे, तिच्या नवऱ्याची, भाऊजींची. डोळ्यांपायी लष्कराच्या भरतीतून परत पाठवलेला हा माणूस दर रविवारी टेबलावर लढाई मांडायचा. समोर शेजारचे वकील, मध्ये कवड्या. कवड्यांचं दान उलटं पडलं की पडलेला शिपाई भाऊजी वरवंट्याने चुरडत. "मेलेला उठते का?" म्हणत. मग ताईने आठवडाभर नवे करायचे. आधी काळपट रंगाचा हात, तो वाळला की खाकी, मग फक्त घड्यांच्या उंचवट्यांवर फिकट खाकी, त्यावर आणखी फिकट... असे थर चढता चढता मातीवर कापडाच्या चुण्या दिसू लागत. चेहरा सगळ्यांत शेवटी.

आमचा भाऊ शंकर ब्रह्मदेशच्या लढाईतून परतला नाही. एका शिपायाला ताईने त्याचा चेहरा दिला; किंचित वाकडी मान, हनुवटीवर खोक. फळीवर डब्यांमागे ती त्याला लपवून ठेवायची. भाऊजींना तो सापडला. त्या रविवारी मी तिथेच होते. त्यांनी शंकरला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. पहिल्याच दानात तो पडला. भाऊजींनी वरवंटा ताईपुढे सरकवला.

"तूच कर. तुयाच भाऊ हाये ना?"

"राहू द्या हो," वकील म्हणाले.

"काऊन? लढाईत कोणी राहू देते का?"

ताईने एकच घाव घातला, पदराने टेबल पुसलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "रडू नको. त्याईले आयकू जाईन."

त्यानंतरचे शिपाई तिने जास्तच जीव लावून रंगवले. वकिलांनी एकदा त्यातला एक उजेडात धरला आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, हे तर तुम्हीच!" सगळेच भाऊजी होते. चपटं नाक, चष्म्याच्या काड्या, गालांवर तांबूस रंगाचा हात. भाऊजींनी वरवंटा उचलला, धरला... आणि खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी ताईशी बोलणं टाकलं. ती तापाने पडली तेव्हाही मला कळवलं नाही. निरोप धाडला तो ती गेल्यावर.

तेराव्याची जेवणं उरकली. भाऊजी टेबलाशी एकटेच बसले होते.

"पाह्य, तुया ताईनं मले मारायले एक नाई ठेवला," ते म्हणाले. मग, "तुले येते का रंगवता? शंकरचा चेहरा तर तुले पाठ असन..."

मी ताईचे ब्रश पिशवीत टाकले आणि निघाले. दारातून वळून पाहिलं, तर भाऊजी एकेक शिपाई उचलून टेबलावर लावत होते, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करून.