काळा सीपीयू

आमच्या एटापल्लीकडे कॉम्प्युटरच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. मीही तेच म्हणायचे. लग्न होऊन गडचांदूरला आले आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा दुकानाच्या मालकांनी, आमच्या चाचांनी, पंखा काढून खालची बिस्किटाएवढी चौकोनी चकती दाखवली. "ये है सीपीयू, बेटा. प्रोसेसर. बाकी सब टीन का डब्बा."

नववीत शाळा सोडलेल्या बाईला त्यांनी कामावर ठेवलं, शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण धाकधूक काही जात नसे. एखादी गोष्ट आली नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, असं रोज वाटायचं.

अशाच एका दुपारी गावाकडच्या माझ्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. मी शाळा सोडल्यावर याच बाईंनी मला घरी बोलावून, ओसरीतल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवलं होतं. आता तिथं गावातल्या दुसऱ्या पोरी शिकत होत्या.

"सीपीयू लय हळू झाला गं. पोरी कंटाळून राह्यल्या. काही टाकून चालन का, का देऊन टाकू भंगारात?"

"सीपीयू कोणता हाये, बाई?"

"कोणता म्हंजे? काळा! तू शिकली तोच."

मला हसू आलं. त्या काळ्या डब्यावरचं स्टिकर मला पाठ होतं, त्यावरचं प्रोसेसरचं नावही. फार जुना. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

"माझ्या भावानं मंधात चंद्रपूरले नेऊन आतलं काहीतरी..."

"बाई, त्यात काई दम नाई. देऊन टाका."

"तू म्हंतेस त देते बाप्पा. तुले समजते आता."

त्यांना कॉम्प्युटरच्या माहितीचं पान उघडून प्रोसेसरचं नाव वाचायला सांगायला हवं होतं. मिनिटाचं काम. पण त्यांनी वाचलेलं नाव मला समजलं नसतं तर? चाचांना विचारून सांगते, एवढं म्हणायचीही मला लाज वाटली. शाळा सोडू नको म्हणून ज्या बाई आमच्या घरी दोनदा येऊन गेल्या, त्यांना मला काहीतरी येतं हे दाखवायचं होतं.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा बाईंकडे गेले. ओसरीत टेबल होतं, त्यावर कीबोर्ड, बाकी काही नाही. पोरी आता येत नाहीत, बाई म्हणाल्या. नवा कॉम्प्युटर काही जमला नव्हता. मग त्यांनी ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली.

"भंगारवाल्यानं इथीच डबा फोडला. पंख्याच्या बुडाले हे चिकटून निंगालं. सोनेरी हाये म्हणून शिकणाऱ्या एका पोरीनं ठेवलं. काय होय गं हे?"

खाली सोनेरी दात्यांची रांग, वर वाळलेला करडा लेप. मी अंगठ्यानं लेप पुसला. खाली नाव होतं, आकडा होता. स्टिकरवरचा नव्हता. बाईंच्या भावानं आतलं सगळं बदलून आणलं होतं, जुना राहिला होता तो फक्त डबा. असल्या प्रोसेसरच्या मशीन आमच्या दुकानात येतात. रॅम वाढवून देतो, लोक आनंदानं घेऊन जातात.

"काय लिवलं हाये?"

"वाचता येऊन नाई राह्यलं, बाई. पुसलं गेलं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचन त तुझं चांगलं होतं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ती चकती मी मागून आणली. दुकानात माझ्या टेबलाच्या खणात आहे. फोनवर कोणी सीपीयू काळा म्हणालं की आता मी हसत नाही. माहितीचं पान उघडायला लावते, एकेक अक्षर वाचून घेते, नाही समजलं तर चाचांना विचारते. चाचा आजवर एकदाही रागावले नाहीत. तेव्हाही रागावले नसते.

बाईंना मात्र तो आकडा अजून सांगितलेला नाही. दर आठवड्याला फोन होतो. त्या विचारतात, "जेवली का?" मी म्हणते, "हाव." आणि हातातली चकती खणात परत ठेवते.