पडद्यासाठी डोंगर

आमचा फोटो स्टुडिओ शिवाजी पेठेत. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, दोन दिवे आणि मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर बर्फाचे डोंगर. रंगवणाऱ्यानं बर्फ कधी बघितला नव्हता, आम्हीही नव्हता, पण पेठेतल्या कितीतरी पोरींची लग्नं त्या बर्फापुढच्या फोटोवर जमली. फुटबॉलची पोरं कप घेऊन तिथंच उभारायची. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि पडदा मधोमध फाटला.

मुलगा म्हणाला, आता फ्लेक्स करूया, नेटवरनं स्वित्झर्लंड काढतो. आमच्या ह्यांना ते लागलं. जन्मभर स्वतः फोटो काढले आणि मागचा डोंगर दुसऱ्यानं काढलेला लावायचा, हे काही त्यांच्या पचनी पडेना. म्हणाले, डोंगर मी आणतो. मुलानं ऐकलं, पण सोमवारी छापायला द्यायचं म्हणजे द्यायचं, असं बजावलं. ह्यांचा डोंगर नाही जमला तर स्वित्झर्लंड.

म्हणून रविवारी आम्ही दोघं चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. भाकरी, झुणका, ठेचा मी बांधून घेतलं होतं. गेटवर जीप मिळाली, सोबत एक वाटाड्या. डोंगरमाथ्यावर कातळाचं सपाट रान आहे, तिथं त्यानं उतरू दिलं. समोर एकामागं एक निळे डोंगर, खाली धरणाचं पाणी. ह्यांनी स्टँड लावला, कॅमेऱ्यातनं बघितलं, डोळा बाजूला घेतला, परत बघितलं. बटण काही दाबेनात. मग मला म्हणाले, "अगं, जरा पुढं उभार की."

मी उभारले. त्यात मला नवीन काय? गिऱ्हाईक आरशापुढं भांग पाडत असतं तेव्हा उजेड बघायला रोज मीच उभारते. हनुवटी खाली, डावा खांदा मागं, हलू नको. मग बटण दाबलं.

पुढं प्रत्येक ठिकाणी तेच. मधे एक गवा झाडीतनं बाहेर आला. वाटाड्या दबक्या आवाजात सांगतोय, काढा, काढा. हे म्हणाले, तो हलतोय, आणि कॅमेरा खाली ठेवला. शेवटी वाटाड्यानं विचारलंच, "पावणं, फोटो डोंगराचा काढायचा हाय का मावशींचा?"

"डोंगराचाच. त्या नुसत्या उभारल्यात."

वाटाड्या हसला, आम्हीही हसलो आणि भाकरी खायला बसलो. तो काय म्हणाला ते दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही.

शिरलं घरी आल्यावर. मुलानं फोटो कॉम्प्युटरवर लावले. डोंगर झकास, उजेड झकास, आणि सगळ्यांत मधोमध मी, पदर खोचून. माझ्याशिवाय एकच फोटो होता, त्यात जीपचं बॉनेट.

मुलगा म्हणाला, "आण्णा, पडद्यावर आईच असली तर गिऱ्हाईक कुठं उभारायचं?"

हे स्टुलावर बसले. मग म्हणाले, "माणूसच न्हाय तर बटण कुणाकडं बघून दाबायचं?"

मुलगा त्यातल्या त्यात चांगला फोटो निवडून त्यातनं मला पुसायला बसला. आभाळ जमलं, डोंगर जमले. पण मी उभी होते तिथलं गवत काही जमेना. ओल्या रंगावरनं अंगठा फिरवल्यासारखं फरकटलं. त्यानं दोन-तीनदा करून बघितलं आणि हात टेकले. हा डाग दिसणार, म्हणाला, स्वित्झर्लंडच लावूया.

ह्यांनी चष्मा वर सरकवून जवळनं बघितलं. मग मला हाक मारली आणि पडद्यापुढं जिथं गिऱ्हाईक उभं करतात तिथं उभं केलं. एकदा माझ्याकडं, एकदा कॉम्प्युटरकडं बघितलं. म्हणाले, "दिसत न्हाय. गिऱ्हाईक तिथंच तर उभारणार हाय."

सोमवारी तोच फोटो छापायला गेला.

आता पडदा लागलाय. लोक विचारतात, कुठला हो हा डोंगर? हे चांदोली म्हणून सांगतात आणि बोलता बोलता खांद्याला धरून माणसाला बरोबर त्या जागेवर नेतात. टीमचा फोटो असला की काळजी नाही. पण मी अंगानं भरलेली बाई, त्यामुळं फरकटलेली जागाही तशीच रुंद. बारीक गिऱ्हाईक आलं की शेजारी कुंडी ठेवायला लागते. ती मीच आणून ठेवते.