रिव्हर्स गिअर विकलेली बोट

वैनगंगेवर मोटरबोट चालवणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या कानावर विडी खोचलेली असे आणि एक हात सतत इंजिनाला थोपटत असे. माझी कॉलेजची बस पलीकडच्या घाटावरून सुटायची. बोट हळू चालते म्हणून आम्ही रोज कुरकुरायचो. नवं इंजिन काकांना परवडेना. मग त्यांनी जुन्यालाच पाणी कापणारा मोठा पंखा बसवला आणि त्याच्या पैशांसाठी रिव्हर्स गिअर विकून टाकला.

"रिव्हर्स काऊन विकला, काका?" मी भीत भीत विचारलं.

"मांगं जायाचंच कायले, बाबू? आपल्याले पुढंच जायाचं हाय ना!"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला ते फारच पटलं.

परीक्षेच्या दिवशी बोट खरोखर सुसाट निघाली. घाट आला आणि तसाच मागे गेला; बोट थांबवायला रिव्हर्सच नव्हता. बऱ्याच पुढे, बेशरमाच्या झुडपांत बोट रुतली. तिथून आम्ही बस सुटताना पाहिली.

"मी तं टायमाच्या आधीच आणलं," काका विडी पेटवत म्हणाले. "घाटच मांगं राह्यला."

"उशीर का झाला?" परीक्षेच्या वर्गात सरांनी विचारलं.

"बोट फार जोरात होती, सर," मी खरं तेच सांगितलं.