डाव्या हाताची पकड

वेलिंग्टनच्या गोल्फ मैदानावर सातव्या होलला माझ्या मित्राच्या हातातून काठी सुटली. चेंडूला लागायच्या आधीच सुटली आणि गरगरत जाऊन पंधरा-वीस पावलांवरच्या एका खोडावर आपटली. निलगिरीतलं ते मैदान डोंगराच्या उतारावर आहे. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं आणि आमचे हातमोजे दमट झाले होते. तो हसला, मीही हसलो.

"मोजा वला हाय, घसरली गड्या," तो म्हणाला आणि काठी आणायला स्वतःच गेला. परत येताना डाव्या हाताची बोटं तो उघडत होता, मिटत होता. मला ते दिसलं, पण त्याचा काही अर्थ लागला नाही.

आम्ही दोघं कडेगाव तालुक्यातले, एकाच गावचे. त्याचा उसाचा मळा, माझं घर बौद्धवाड्यात. गावात असताना आमचं बोलणं जेमतेम. खरी ओळख झाली ती फौजेत, घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या एका छावणीत. मी तिथल्या गोल्फ मैदानाचं गवत राखणाऱ्या तुकडीत होतो, तो कमांडरसाहेबांच्या गाडीवर. खेळायला माणूस कमी पडला की साहेब आम्हाला हाक मारायचे. शिकवलं कुणीच नाही, बघून बघूनच हात बसला. त्याचा फार चांगला बसला. त्याचा चेंडू सुटला की साहेब लोकसुद्धा बोलायचं थांबून बघायचे.

सुभेदार होऊन दोघंही घरी आलो आणि गावाबाहेरच्या माळावर तीन होल केले. तिथं हिरवळ कुठली? वाळूत जळकं ऑइल कालवून होलभोवती गोल थापायचा, म्हणजे चेंडू नीट घरंगळतो. लोक त्याला सुभेदारांचा इटीदांडू म्हणायचे. ऊसतोड उरकली की वर्षातून एकदा आम्ही नावाजलेल्या एखाद्या मैदानावर जाऊन खेळून यायचो. वेलिंग्टन हे असंच चौथं की पाचवं.

तिथून परतताना बंगळूरला खेळाच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. आत जाळी लावलेली, समोर पडदा. आपण चेंडू मारायचा आणि तो कुठं गेला असता ते पडद्यावर दिसायचं. मित्रानं पाच-सहा प्रकारच्या काठ्या मारून पाहिल्या. प्रत्येक वेळी पडद्यावरचा चेंडू सरळ निघायचा आणि मग उजवीकडं वाकत झाडीत जायचा. जन्मभर त्याचा चेंडू कधी तिकडं गेला नव्हता.

दुकानातला माणूस मध्यमवयीन, अदबीनं बोलणारा. तो म्हणाला, "सर, काठी ठीक आहे. शेवटच्या क्षणी आपला डावा हात सुटतोय."

मित्रानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. सगळ्यात हलका संच निवडला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "जुन्या काठ्या जड पडाय लागल्यात. दुसरं काय न्हाई."

"व्हय," मी म्हणालो.

गावी आल्यावर पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी तो नव्या काठ्या घेऊन माझ्या अंगणात आला. मुठी बारीक वाटतात म्हणाला. काठीच्या मुठीवरचं रबर काढायचं, आतल्या नळीला टेप गुंडाळायची, पेट्रोलचा हात फिरवून रबर परत सरकवायचं, हे काम मला फौजेपासून येतं. एका थरानं मूठ नखभर जाड होते. मी एक थर दिला. महिन्याभरानं तो परत आला, मी दुसरा दिला. पावसाळा संपेपर्यंत चार थर झाले. इतकी जाड मूठ मी कुणाच्याच काठीला पाहिली नव्हती. टेप गुंडाळताना मी खाली मान घालून बसायचो. तो ओट्यावर बसून उसाच्या, पाण्याच्या गप्पा मारायचा. दोघंही हाताविषयी अवाक्षर काढत नव्हतो.

त्या वर्षी ऊसतोड उरकायची वाट न बघता हिवाळ्यातच शिलाँगला गेलो. उंच पाइनची झाडं, मधून वळत गेलेली हिरवळ. इतकं देखणं मैदान मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तिथल्या दोन दिवसांइतकं मला आयुष्यात कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही. पहिल्या सकाळी खोलीत मी बूट बांधत होतो. मित्र आरशासमोर उभा होता. बराच वेळ झाला तरी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लागेना. शेवटी त्यानं बटण तसंच ठेवून मफलर गुंडाळला.

मैदानावर आमच्या पिशव्या उचलायला पन्नाशीचा, तिथल्या खासी जमातीतला एक गृहस्थ होता. गोरा, कमी बोलणारा, तीस वर्षं हेच काम केलेला. मित्राचा खेळ त्या दिवशी पार विसकटला. दोनदा काठी हातातल्या हातात फिरली. चौदाव्या होलला तो झाडीत चेंडू शोधायला गेला तेव्हा तो गृहस्थ माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहब का हाथ सूख रहा है."

"मतलब?"

त्यानं स्वतःचा डावा पंजा माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर बोट ठेवलं. "यहाँ. देख लेना."

चहाला बसलो तेव्हा मित्रानं मोजा काढून टेबलावर ठेवला आणि मी पाहिलं. त्या उंचवट्याच्या जागी खळगा पडला होता. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस कुणीतरी आतून खरवडून नेल्यासारखं दिसत होतं. आणि बाही वर सरकलेल्या मनगटाच्या वर, कातडीखाली काहीतरी बारीक बारीक उडत होतं. हात स्थिर होता, पण कातडीखालचं उडणं थांबत नव्हतं. मी चहा संपवला. त्यानं विचारलं, "काय बघतोयस?"

"काय न्हाई. थंडी लय हाय."

हे वाक्य मला आजही टोचतं. परतीच्या प्रवासात रेल्वेचे दोन दिवस मिळाले होते, तरी मी बोललो नाही. मला वाटायचं, मी तोंड उघडलं की ते खरं होईल. गावी येऊन मी मुठीला पाचवा थर दिला.

पुढं मी नाही, त्याची बायको बोलली. एक दिवस दुपारी ती माझ्या दारात आली. याआधी एकटी कधी आली नव्हती. उभ्यानंच म्हणाली, "आवं भाऊजी, ह्यांच्या हातातनं ताट पडतंय. काल जिन्यात पाय अडखाळला. इचारलं तर माझ्यावर वरडत्यात. तुमचं ऐकतील. मिरजेला दवाखान्यात घिऊन जावा."

तिला मी शिलाँगचं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं जाऊन म्हणालो, "उद्या मिरजेला जायचं." त्यानं का म्हणून विचारलं नाही. कपाटातून धुतलेला शर्ट काढून खुर्चीवर ठेवला, एवढंच.

मिरजेच्या डॉक्टरीण बाई वयानं आमच्या मुलींएवढ्या. त्यांनी त्याला चालायला लावलं, जीभ बाहेर काढायला सांगितली आणि जिभेकडं बराच वेळ पाहत राहिल्या. मग हातात, दंडात, मांडीत बारीक सुई टोचून यंत्र चालू केलं. त्यातून पत्र्यावर वाळू पडावी तसा आवाज येत होता; ढिल्या सोडलेल्या निरोगी स्नायूतून असा आवाज येत नाही, असं बाई म्हणाल्या. मांडीत सुई गेली तेव्हाही तोच आवाज आला. मांडीला तर काही झालं नव्हतं, असं आम्ही समजत होतो.

बाई मला म्हणाल्या, "आपण जरा बाहेर बोलू."

"हितंच बोला," मित्र म्हणाला. "मी फौजी माणूस हाय."

त्या बोलल्या. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत, हातापासून सुरू झालं आहे, पायात गेलं आहे, पुढं बोलणं आणि गिळणं. औषधानं थोडं लांबवता येतं, थांबवता येत नाही. किती दिवस हे त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं ते वेगळंच.

"आधी आलो असतो तर?"

"फारसा फरक पडला नसता," बाई म्हणाल्या. त्या 'फारसा'वर माझं मन जे अडकलं ते अजून सुटलेलं नाही.

परतताना तासगावच्या पुढं मी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि त्याला खासी गृहस्थाचं सगळं सांगितलं. तो समोरच्या द्राक्षबागेकडं बघत होता.

"तू मूठ जाड करत हुतास तवाच मला कळलं, हात चाललाय," तो म्हणाला. "तुला ठावं हाय, ह्ये बी कळत हुतं. म्हटलं, जितकं दिस ह्यो गप हाय, तितकं दिस खेळाय मिळतंय."

मी गाडी सुरू केली.

त्यानंतर तो आठ-नऊ महिने खेळला. मनगटाला आणि मुठीला एकत्र बांधणारा पट्ट्याचा मोजा आम्ही पुण्याहून मागवला. चेंडू हातभर उडाला तरी तो समाधान मानायचा. मग पाय गेले. मग मी एकटाच मारायचो आणि तो खुर्चीत बसून माझ्या चुका काढायचा. आता त्याचं बोलणं जडावलंय. बायकोला सगळं कळतं, मला निम्मं.

काल सकाळी मी त्याच्याकडं बसलो होतो. ती त्याला चमच्यानं चहा पाजत होती. तिसऱ्या चमच्याला त्याला ठसका लागला आणि तो थांबेना. डोळे लाल झाले, मान पुढं कलली. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. हाताखाली त्याची एकेक फासळी मोजता येत होती. केव्हातरी ठसका थांबला. त्यानं श्वास घेतला, पण त्या श्वासात आधी नसलेली घरघर होती.

मिरजेच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, ठसका लागायला लागला की खाल्लेलं-प्यालेलं फुप्फुसात जाऊ शकतं, वाट बघू नका, तडक घेऊन या. त्याच्या बायकोनं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. तो दोघांकडं बघत होता. मी गाडी काढायला उठलो.