बंदराच्या तोंडाशी बुडवलेली शपथ

स्कीरा बेटावरचा फाइलास समुद्रतळाचे स्पंज काढून पोट भरणारा पाणबुड्या होता. कमरेला दोर, हातात वजनाचा दगड आणि तोंडात तेलाची गुळणी घेऊन तो बुडी मारी; तळाशी तेल सोडले की पाणी निवळून थोडा उजेड पडे. या धंद्यात त्याचा डावा कान तरुणपणीच ठार बहिरा झाला होता.

काही वर्षांपूर्वी अथेन्सशी करार झाला, तेव्हा रीतीप्रमाणे लोखंडाचा तापवून लालभडक केलेला गोळा बंदराच्या तोंडाशी समुद्रात टाकण्यात आला. हे लोखंड वर येऊन तरंगेपर्यंत मैत्री मोडणार नाही, अशी शपथ दोन्ही नगरांनी घेतली. बेटावरचे काही तरुण अथेन्सकडे ओलीस राहिले. त्यांत फाइलासचा एकुलता मुलगा एव्हेनोस होता.

आता स्पार्टाची गलबते क्षितिजावर दिसू लागली होती आणि नगरसभेला बाजू बदलायची होती.

"शपथ मोडायची नाही रे बाबा, देव काय झोपलेत?" नगरप्रमुख लाम्पोन घाटावर फाइलासला म्हणाले. "गोळ्याला या फुगवलेल्या पखाली बांध. आपसूक वर येईल. कुणी उचलला असं होणार नाही."

"आणि माझा पोरगा?"

"अथेन्सला कळायच्या आत सोडवू त्याला."

"तुमचा इथं बसून अंजिरं खातोय, लाम्पोनबाबा. तुम्हाला बोलायला काय जातंय!"

"जीभ आवर! स्पार्टावाले गाव जाळतील, मग कुणाला सोडवशील?"

कमरेला दोर बांधताना त्याची बायको मिर्तो हळूच म्हणाली, "अहो, सापडलं नाही म्हणून सांगा."

फाइलास उतरला. त्याने तेल सोडले. गोळा वाळूवर उघडाच पडला होता. इतक्या वर्षांत त्याला ना गंज चढला होता, ना शेवाळ. आसपास एकही मासा फिरकत नव्हता. पाणी कोमट लागत होते. आणि त्याच्या बहिऱ्या कानात शपथेचे शब्द उमटू लागले. ते म्हणणारे गळे त्याच्या ओळखीचे होते. त्यांतला एकही माणूस आता जिवंत नव्हता. त्याचा बापही त्यांत होता. एवढ्यात एक कोवळा आवाज त्या सुरात मिसळला. तो कुणाचा, हे उमगण्याआधीच फाइलासने दोराला हिसका दिला आणि पखालींसकट वर आला.

"वाळूनं गिळलंय," तो म्हणाला. लाम्पोन दातओठ खात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा पडलेला असताना, घाटावर एकच गलका झाला. लोखंडाचा गोळा निश्चल पाण्यावर तरंगत किनाऱ्याकडे येत होता.

"लबाडा! काम फत्ते करून तोंड पाडून बसलास होय?" लाम्पोननी हसत त्याच्या गळ्यात हार घातला. लोक नाचू लागले. पखाली घाटावरच वाळत पडल्या होत्या. त्यांच्याकडे फक्त मिर्तोचे लक्ष गेले.

"तुम्ही बांधलं होतंत?"

"नाही गं. तुझ्या गळ्याशपथ, हातसुद्धा लावला नाही."

"मग मैत्री मोडली कुणी?"

"त्यांनी. आपल्या आधी." फाइलासने गळ्यातला हार उतरवला. "मिर्तो, काल खाली मेलेल्यांच्या सुरात मी आपल्या एव्हेनोसला ऐकलं."

त्याच्या कमरेची स्पंज कापायची सुरी काढून, मेलेल्यासाठी तिकडच्या बायका कापतात तसे, तिने आपले केस कापायला सुरुवात केली.

"अगं, आजच्या आनंदाच्या दिवशी हे काय आरंभलंस?" लाम्पोन ओरडले.

गोळा घाटाच्या पायरीला येऊन टेकला. पायरीवरचे ओले शेवाळ चरचरले आणि त्यातून वाफ निघाली.