बिडी

म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेला ती रोज यायची. माझ्याच वयाची, नावं आम्ही कधी विचारली नाहीत. कुड्या टोपीत कोंबायची, हत्तीसारखी फुरफुरायची आणि खाटेवर पडावं तशी पाण्यावर उताणी पडून पायाचे अंगठे हलवायची. मी मात्र काठाचा दांडा घट्ट धरून उभी. तिकडून ती ओरडायची, "बिडी, अम्मा, बिडी!"

हा शब्द माझा जुना वैरी. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले, तेव्हा नळावर मी भांडायला लागले की शेजारीण म्हणायची, "बिडी, बिडी." मी अतिशहाणी घरात धावले, "सासूबाई, शेजारीण बिडी मागते हो!" कानडीत त्याचा अर्थ 'सोडा, जाऊ द्या' असा आहे हे कळेपर्यंत सगळी गल्ली हसून घेऊन मोकळी झाली होती.

आता अर्थ कळत होता, पण दांडा सुटत नव्हता. एके दिवशी ती जवळ आली नि गंभीरपणे म्हणाली, "दांडा बुडत नाही, अम्मा. त्याला कशाला वाचवताय?"

मला असं हसू फुटलं की हातच सुटले. पाण्यानं मला अलगद उचललं. वर आभाळ, पुढे माझेच दोन अंगठे! ती टाळ्या पिटत होती, आणि मी आभाळाकडे बघून ओरडले, "सासूबाई, बघा, तुमच्या सुनेलाही बिडी जमली!"